चिखल्याने चिखल सोडला

त्याचं खरं नाव मतदार यादीत होतं आणि दवाखान्याच्या केसपेपरवर होतं. बाकी सगळ्या गावाला तो चिखल्या म्हणूनच ठाऊक होता. त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे, कारण हे नाव त्याने कमावलेलं होतं. बावीस वर्षं तो पॉवर टिलर घेऊन लोकांची भाताची खाचरं चिखलून देत होता. पाऊस लागून खाचरात पाणी साचलं की टिलरची रबरी चाकं काढायची, लोखंडी चढवायची, पाती घट्ट करायची आणि उतरायचं. एकदा उभं, एकदा आडवं, मग एक फेरी नुसती पाणी ढवळायला. त्याच्या हातचं खाचर असं व्हायचं की भाताचं रोप बोटाने टेकवलं तरी उभं राहायचं.

"लोणी आहे नुसतं लोणी," लावणीच्या बायका म्हणायच्या, आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

घरी मात्र या लोण्याचं कौतुक कमी होतं. बायकोने मोरीत दोन बादल्या ठेवल्या होत्या. एक माणसांच्या कपड्यांची आणि एक यांच्या, असं ती पाहुण्यांना खुशाल सांगायची. तोही हसायचा. पावसाच्या त्या दोन महिन्यांत तो घरात फक्त जेवायला आणि झोपायला यायचा. स्वतःची पाऊण एकराची चार खाचरं तो सगळ्यात शेवटी करायचा. आधी गिऱ्हाईक, मग घर, हा त्याचा नेम होता.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी पाऊस यायला अजून तीन आठवडे होते. कोरड्या नांगरटीची कामं चालू होती. एका सकाळी तो वरच्या शेजाऱ्याच्या रानातून टिलर बांधावर चढवत होता. चाक दगडावर चढलं, यंत्र एका अंगाला कललं, त्याने सवयीने कंबर वळवून हिसका दिला, आणि पाठीतून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेली. तो होता तसाच उभा राहिला. हात सुटले. टिलर आपला आपण चार पावलं पुढे गेला आणि बांधात तोंड खुपसून बंद पडला.

शेजारी धावत आला. या शेजाऱ्याला गाव रेडिओ म्हणायचं, कारण त्याला कळलेली गोष्ट दुपारच्या आत सगळ्यांना कळायची. त्याने चिखल्याला आधार दिला, सावलीत निजवलं, त्याच्या बायकोला बोलावून आणलं, आणि मग बातमी द्यायला निघून गेला.

शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला.

"काम काय करता?"

"टिलर चालवतो."

"किती वर्षं?"

"बावीस."

"दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "हे दोन मणके बघा. मधली गादी दबून गेलीय. यंत्राच्या हादऱ्यांनी होतं हे. आता तुम्ही ठरवा, टिलर चालवायचा की स्वतः चालायचं."

"अर्धं अर्धं नाही का जमणार?"

डॉक्टर हसले नाहीत. बायको मात्र पदर तोंडाला लावून हसली. मग तिनेच पट्ट्याचं माप विचारलं, गोळ्या कधी कधी घ्यायच्या ते दोनदा विचारून घेतलं आणि नवऱ्याला हळूहळू जिना उतरवून खाली आणलं.

असा चिखल्या ऐन कामाच्या दिवसांत पुढच्या खोलीतल्या खाटेवर येऊन पडला. कंबरेला पट्टा, डोक्यावर पंखा आणि खिडकीतून दिसणारी स्वतःची न नांगरलेली खाचरं. आजूबाजूचे टिलरवाले सगळे गुंतलेले. ज्याला त्याला विचारून झालं. शेवटी बायको म्हणाली, "रविवारी ताई येतेय. तिला विचारू."

"तुझ्या ताईला टिलर येतो?"

"तिला माती येते."

ही ताई म्हणजे त्याची थोरली मेव्हणी. शहरातल्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत ती शिपाई म्हणून लागली त्याला सव्वीस वर्षं झाली होती. शेतकरी पिशवीतून माती आणायचे, ही ती वाळवायची, कुटायची, चाळायची आणि साहेबांपुढे ठेवायची. साहेब सात बदलले, चाळणी तीच राहिली. आता नवीन साहेब आला की पहिले सहा महिने तोच तिला विचारायचा. बहिणीकडे आली की जाताना ती पिशवीभर माती घेऊन जायची, आणि पुढच्या खेपेला कागद आणून द्यायची. चिखल्या तो कागद न वाचता फडताळात ठेवायचा. त्याला वाटायचं, ज्या मातीत आपण बावीस वर्षं गुडघाभर उभे राहिलो, तिच्याबद्दल चाळणीवालीने आपल्याला काय सांगायचं.

मेव्हणी आली, चहा घेतला, त्याची चौकशी केली आणि म्हणाली, "भाऊजी, एका परीने बरंच झालं."

"माझी कंबर गेली आणि बरंच झालं?"

"कंबरेचं वाईट झालं. जमिनीचं बरं झालं. एक वर्ष तरी तिला कुणी ढवळणार नाही."

त्याला राग आला, पण उठून जाता येत नव्हतं. खाटेवरच्या माणसाशी वाद घालायला हे बरं असतं. मेव्हणीने बहिणीला दोन ढेकळं आणायला सांगितली. एक खाचरातलं आणि एक कुंपणाजवळच्या गवताच्या पट्टीतलं, जिथे टिलर कधी वळायचाच नाही. मग तिने काचेच्या दोन बरण्या पाण्याने भरून स्टुलावर ठेवल्या, खाटेच्या अगदी समोर.

"सांगा, कुठलं ढेकूळ टिकेल?"

"माझं," तो म्हणाला. "बघ की, दगडासारखं आहे. ते दुसरं भुसभुशीत."

तिने दोन्ही ढेकळं एकदम पाण्यात सोडली. त्याचं दगडासारखं ढेकूळ तळाला टेकेपर्यंत सुटायला लागलं. कडा गळाल्या, मधून फुटलं आणि बघता बघता बरणीचं पाणी चहासारखं झालं. दुसऱ्या बरणीत गवताखालचं ढेकूळ तसंच बसून होतं. त्यातून बारीक बारीक बुडबुडे वर येत होते. बायकोने बरणी उचलून उजेडाला धरली. पाण्यातून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती.

"काही औषध घातलंस यात," तो म्हणाला.

"मुळं घातलीत. मी नाही, गवताने. मुळं मेली की कुजतात आणि मातीच्या कणांना चिकटवून धरतात. आपण दर वर्षी फिरवून फिरवून ते सगळं मोडतो. मग माती पाण्यात उभी राहत नाही, आणि वाळली की विटेसारखी होते."

तो बराच वेळ दोन्ही बरण्यांकडे बघत राहिला. संध्याकाळी त्याने त्या बरण्या आत नेऊ दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेव्हणीने खड्डा खणायला लावला. बायकोने प्लॅस्टिकची खुर्ची शेतात नेऊन ठेवली, नवऱ्याला तिच्यात बसवलं आणि स्वतः पहार घेतली. वरची माती सहज निघाली. वीतभर खाली गेल्यावर पहार खणकन वाजली आणि तिच्या हाताला झिणझिण्या आल्या.

"दगड लागला," तो म्हणाला.

तिने दोन हात बाजूला पहार मारली. तिथेही तसाच आवाज. आणखी चार ठिकाणी मारली. सगळीकडे एकाच खोलीवर तोच आवाज, जणू खाली कुणी फरशी घातली होती. मेव्हणीने खड्ड्याच्या कडेची माती बोटांनी साफ केली. गेल्या हिवाळ्यात भातानंतर पेरलेल्या मुगाची वाळकी मुळं त्यात अजून होती. सरळ खाली जाता जाता ती त्या फरशीपाशी काटकोनात वळली होती आणि आडवी पसरून तिथेच संपली होती. त्यांचा मूग दर वर्षी फुलावर आला की मान टाकायचा. बियाणं बदललं, खत बदललं, पण मुगाने काही मनावर घेतलं नव्हतं.

"हा थर कुणी घातला?" त्याने विचारलं आणि विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं. लोखंडी चाकं चिखलात नेमकी जिथे टेकायची, ती हीच खोली होती.

"अहो, उन्हं चढली, चला आत," बायको म्हणाली.

पुढचे दोन दिवस त्याच्या डोक्यात गावातली सगळी खाचरं फिरत होती. वरची आळी, ओढ्याकाठची, शाळेमागची. एकूण एक त्याच्या हाताखालून गेलेली. आपण इतक्या मायेने केलेल्या कामाच्या तळाशी अशी फरशी निघावी, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. निघायच्या दिवशी मेव्हणी पिशवी भरता भरता त्याच्या खाटेशी थांबली.

"भाऊजी, तोंड पाडून बसू नका. भाताला चिखल लागतो असं सगळेच मानत आले. आमचे साहेबसुद्धा. आणि त्या थराने पाणी धरून ठेवलं, त्यावर तुमचा भात पिकला, हेही खरंच आहे. फक्त आता माती थकलीय. तिला थोडं तिच्यावर सोडून बघू."

"न चिखलता भात येतो?"

"येतो. कष्ट चुकत नाहीत, वेगळे असतात."

ते कष्ट बायकोने अंगावर घेतले. मेव्हणीने कागदावर सगळं काढून दिलं होतं. गादीवाफे करायचे, म्हणजे खाटेपेक्षा थोडे रुंद उंचवटे, आणि दोन वाफ्यांच्या मध्ये पाणी जायला सरी. वाफे एकदाच करायचे, मग पुन्हा कधी मोडायचे नाहीत. त्यांच्यावर पायसुद्धा द्यायचा नाही. रोपं करून लावायची नाहीत, बीच टोकायचं. कापणीनंतर धसकटं उपटायची नाहीत, मुळं जमिनीतच कुजू द्यायची.

दोन मजूर आणि बायको यांनी आठ दिवसांत चारही खाचरांत वाफे ओढले. चिखल्या खुर्चीत बसून सूचना देत होता. हा वाकडा झाला, तो उतरता झाला, इकडे माती कमी पडली. तिसऱ्या दिवशी बायको आली, तिने काही न बोलता त्याची खुर्ची त्याच्यासकट रस्त्याकडे तोंड करून फिरवली आणि पुन्हा कामाला गेली. मजूर दिवसभर हसत होते.

मग तिने एका दोरीला वीत वीत अंतरावर गाठी मारल्या, वाफ्यावर दोरी ताणली आणि टोकदार काठीने गाठीगाठीला भोक पाडून प्रत्येकात तीन-चार दाणे टाकले. तिच्या दोन मैत्रिणी मदतीला होत्या. रेडिओ बांधावर उभा राहून सगळं बघून गेला. दुपारपर्यंत गावभर झालं की चिखल्याच्या घरी भाताला इंजेक्शनं देताहेत. दवाखान्यातून आल्यापासून घरात सुईशिवाय काही सुचत नाही म्हणे.

पाऊस लागला, भात उगवला. त्याच्या आधी तण उगवलं. इतकी वर्षं खाचरात तुंबलेलं पाणी तण दाबून ठेवायचं. आता वाफे उघडे होते, आणि कुठकुठलं गवत बोलावल्यासारखं धावून आलं. बायको सकाळी बसायची ती अंधारूनच उठायची. मागचा वाफा साफ करून पुढे जावं तर मागे पुन्हा हिरवं झालेलं. चौथ्या आठवड्यात एका दुपारी ती बांधावर येऊन बसली. हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते.

"माझं चुकलं का हो?" ती म्हणाली.

लग्नापासून तिने त्याला असा प्रश्न विचारला नव्हता. ती आपली ठरवायची आणि करायची. त्याने तिच्याकडे बघितलं, मग तणाकडे बघितलं आणि घरी जाऊन माळ्यावर काय काय आहे ते काढायला सांगितलं. जुन्या हातगाडीची चार लहान चाकं निघाली. एक फळी निघाली. दोन दिवस खटपट करून त्याने चाकांवर पाटासारखी बैठक बसवली, मागे टेकायला एक उभी फळी ठोकली. वाकायचं नव्हतं, हादरे खायचे नव्हते, पण पाठ टेकून बसायला डॉक्टरांनी मना केलं नव्हतं. सरीत पेंढा अंथरून वर दोन लांब फळ्या टाकल्या की त्यावरून ती गाडी पायाने ढकलत नेता यायची. तो दोन्ही अंगांच्या वाफ्यांतलं तण विळ्याने कापायचा आणि तिथेच मातीवर पसरायचा. मेव्हणीने फोनवर सांगितलं होतं की कापलेलं तण बाहेर टाकू नका, तेच पांघरूण होतं.

ही गाडी बघायला अर्धं गाव आलं. कुणी हॉर्न बसवायला सांगितलं, कुणी लायसन्स मागितलं. तो सगळ्यांना उत्तरं देत पुढे सरकत राहिला. पाहणारे कंटाळून गेले आणि तणही हळूहळू मागे हटलं. दोघं समोरासमोरच्या सरीत बसून कामं करायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पावसाच्या दिवसांत एकमेकांशी इतकं बोलायला त्यांना कधी मिळालं नव्हतं. तो कायम दुसऱ्याच्या रानात असायचा आणि इंजिनाच्या आवाजात तसंही काही ऐकू यायचं नाही.

त्या वर्षी भात कमी आला. एरवी सोळा पोती व्हायची, तेरा झाली. रेडिओने ही बातमीही वेळेत दिली. चिखल्याने खोटं सांगितलं नाही. विचारणाऱ्याला तेराच सांगितली. पण त्याच वाफ्यांवर, धसकटांच्या मधोमध टोकलेला मूग त्या हिवाळ्यात फुलावर आला आणि त्याने मान टाकली नाही. शेंगा भरल्या. तो रोज गाडी घेऊन मुगाकडे जायचा आणि उगाच बसून यायचा. एक झाड त्याने पहारीने सावकाश मोकळं करून उपटलं. जुन्या भाताचं मूळ कुजून जी पोकळी झाली होती, तिच्यातून मुगाचं मूळ त्या फरशीत बोटभर शिरलं होतं. बोटभरच, पण शिरलं होतं. ते मूळ त्याने कागदात गुंडाळून मेव्हणीला पाठवलं.

कंबर बरी होत होती, पण टिलरला हात लावायचा नाही हे पक्कं होतं. गिऱ्हाइकं अजून यायची. दुसरा कुणी तुझ्यासारखं करत नाही रे, म्हणायची. एकाला त्याने खड्ड्याची आणि फरशीची सगळी हकिगत सांगितली. त्या गृहस्थाला ते झोंबलं. बावीस वर्षं आमच्याकडून काम घेतलंस आणि आता आमच्या जमिनी खराब झाल्या म्हणतोस, असं तो म्हणाला आणि चहा न घेता गेला. चिखल्याला वाईट वाटलं, पण त्याचं चूक आहे असंही म्हणवेना. पुढे त्याने उपदेश करायचा नाही असं ठरवलं. कुणी विचारलं तर बरणी दाखवायची. टिलरचं इंजिन त्याने उतरवून मळणीयंत्राला बसवलं. सांगाडा गोठ्यामागे उभा राहिला. सुरुवातीला तो तिकडे बघायचं टाळायचा. नंतर कोंबड्यांनी त्यावर संसार मांडला तेव्हा त्यालाही गंमत वाटली.

दुसऱ्या वर्षी नांगरायचं काहीच नव्हतं. वाफे तयार होते. पावसाच्या तोंडावर चार दिवसांत बी टोकून झालं आणि घरात एकदम शांत झालं. गावात मात्र लावणीचा हंगाम ऐन भरात होता. सगळीकडे इंजिनं घरघरत होती, बायका ओळीने वाकलेल्या होत्या. असाच एके दिवशी तो बांधावर आला तेव्हा बायको तिथे चहाचा कप घेऊन बसली होती. समोरच्या रानात तिच्याच मैत्रिणी लावणी करत होत्या.

"काय बघतेस?"

"काही नाही," ती म्हणाली. "तीस वर्षांत पहिल्यांदा या दिवसांत माझी कंबर दुखत नाहीये. तेच बघत होते."

तो तिच्या शेजारी बसला. "तुझीपण दुखायची?"

"घरच्या आणि लोकांच्या रानात वीस वीस दिवस वाकून लावणी करणाऱ्या बाईला कंबर नसते असं वाटलं होतं का तुम्हाला?"

तिच्या आवाजात राग नव्हता. पाण्याची मोटर बिघडली होती म्हणून सांगावं तसं ती सांगत होती. लावणीच्या दिवसांत रात्री कूस बदलता यायची नाही, म्हणून ती भिंतीला लागून झोपायची आणि भिंतीला हात लावून वळायची. स्वयंपाक करताना एक पाय पाटावर ठेवायची. गरम पाण्याची बाटली उशाखाली लपवायची.

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत." तिने अर्धा चहा त्याच्यापुढे केला. "आणि तुम्ही तर चिखलाने भरून यायचात, बोलायच्या आधी घोरायला लागायचात. घ्या, गार होतोय."

त्याने कप घेतला आणि तसाच बांधावर ठेवला. ज्या लोण्यावर त्याला मूठभर मांस चढायचं, त्या लोण्यात दिवसच्या दिवस वाकून ही उभी होती. त्याच्या पाठीसाठी डॉक्टर झाला, पट्टा आला, खाट आली, गाव भेटायला आलं. हिच्या पाठीचं कुणाला कळलंही नव्हतं, आणि रेडिओला कळलं नाही ते एकवेळ ठीक होतं. पुढच्याच आठवड्यात तो तिला घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेला. ती नको नको म्हणत होती.

डॉक्टरांनी तिचा एक्स-रे बराच वेळ बघितला. "यांची झीज तुमच्यापेक्षा थोडी जास्तच आहे," ते त्याला म्हणाले. "वाकायचं काम कमी करता येईल का?"

"बंद केलंय," तो म्हणाला.

या वेळी डॉक्टर हसले. परत येताना त्याने बसमध्ये तिला खिडकीजवळ बसवलं आणि पट्ट्याचा खोका उतरेपर्यंत स्वतःच्या मांडीवर धरून ठेवला.

त्या पावसाळ्यात एकदा सलग तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी उघडलं तेव्हा सगळ्या खाचरांतून गढूळ लाल पाणी धो धो वाहत होतं. चिखल्याच्या सऱ्यांमधून पाणी येत होतं तेही कमी नव्हतं, पण त्यात हात घातला तर बोटं दिसत होती. वरच्या अंगाला रेडिओचा बांध फुटला होता. त्याचं चिखललेलं खाचर घसरून खाली आलं होतं आणि चिखल्याच्या दोन सऱ्या काठोकाठ भरून बसल्या होत्या. रेडिओ डोक्यावर पोतं घेऊन आला. पहिल्यांदाच त्याच्याकडे बातमी नव्हती.

"माझी माती तुझ्याकडे आली," तो म्हणाला.

"ने की परत. घमेलं देतो."

रेडिओने वाफ्यांवरून नजर फिरवली. वाफे जागच्या जागी होते, त्यांच्या पाठीवर गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्यांची रास होती. "राहू दे," तो म्हणाला. "तुझ्याकडे सुखात राहील." मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "एका खाचरात हे करून बघायचं तर काय काय लागतं?"

"कुठलं खाचर?"

"मागचं. रस्त्यावरून दिसत नाही ते."

चिखल्या हसला नाही, हे त्याने नंतर बायकोला अभिमानाने सांगितलं. सरीतली माती दोघांनी मिळून दोन दिवस उपसली आणि ती वाफ्यांवर पसरली. चिखल्या फक्त घमेली भरत होता, उचलायचं काम रेडिओकडे होतं.

दोरी आणि काठीने भोकं पाडायचं काम किचकट होतं, आणि आता ते दोन शेतांत करायचं होतं. चिखल्याच्या हातांना यंत्राशिवाय करमत नव्हतंच. त्याने गंजलेलं एक पत्र्याचं पिंप आणलं, वेल्डिंगवाल्याकडे चार दिवस मुक्काम ठोकला आणि पिंपाच्या पाठीवर वीत वीत अंतरावर लोखंडी टोकं जोडून घेतली. मधून आस घातला, दोन बाजूंना लांब दांडे. एका माणसाने सरळ उभं राहून ओढलं की मागे वाफ्यावर भोकांच्या नीट ओळी पडत जायच्या. पहिल्या खेपेला टोकं माती घेऊन वर यायची आणि भोकं बुजायची. त्याने ती उतरवून निमुळती करून आणली. दुसऱ्या खेपेला जमलं. बायकोने पिंप ओढून बघितलं आणि म्हणाली, "दांडा चार बोटं खाली घ्या. हा तुमच्या मापाचा आहे." त्याने दांडा खाली घेतला, मग पुन्हा दोन बोटं उंच केला, तेव्हा तिचं समाधान झालं.

दुसऱ्या वर्षी पंधरा पोती झाली, तिसऱ्या वर्षी सतरा. सतरा झाली तेव्हा तो पोती दोनदा मोजून आला. मेव्हणी आता प्रयोगशाळेतून निवृत्त झाली होती, पण माती तिने तिथेच तपासून घेतली. या खेपेचा कागद त्याने चष्मा लावून वाचला. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या मुळापाल्याचा अंश, थोडा वाढला होता. किती थोडा, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, माती घाईत नसते. बावीस वर्षं गेली तिकडे, तीन वर्षांत अजून काय पाहिजे तुम्हाला." तरी संध्याकाळी तिने मुद्दाम पहार घेऊन जुन्या खड्ड्याशेजारी मारून बघितली. आवाज आला, पण खणकन नाही. जाड सतरंजीवर काहीतरी पडावं तसा.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावातल्या काही बायकांनी बायकोला बोलावणं धाडलं. लावणीत वाकून वाकून त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता, आणि कुणाकडून तरी, बहुधा रेडिओकडूनच, त्यांच्या कानावर गेलं होतं. ती आधी घाबरली. चार माणसांत बोलायची सवय नव्हती. मग तिने ताईची दोन बरण्यांची युक्ती सोबत घेतली, गाठींची दोरी घेतली आणि चिखल्याने पिंप टेम्पोत चढवून घेतलं.

शाळेच्या पडवीत वीसेक बायका जमल्या होत्या. तिने ढेकळं पाण्यात सोडली तेव्हा सगळ्या उठून पुढे आल्या. मग ती बोलायला लागली आणि थांबेचना. तण किती छळतं ते तिने आधी सांगितलं, तेरा पोत्यांचंही सांगितलं, काही लपवलं नाही. मधेच ती वाकून लावणी कशी करायचो ते करून दाखवायला गेली, अर्ध्यावर थांबली, आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, हे आता तुम्हालाच माहीत आहे, मी कशाला दाखवू. सगळ्या हसल्या.

चिखल्या बाहेर झाडाखाली पिंपाला टेकून बसला होता. तिचा आवाज आतून येत होता. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "आत बोलताहेत त्या बाई कोण?"

"माती जाणतात," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी त्यांच्याबरोबर आलोय. हे पिंप माझ्याकडे असतं."

म्हाताऱ्याला पिंपात गोडी वाटली. त्याने टोकांवरून बोट फिरवलं, आस कसा बसवला ते विचारलं, टोकं निमुळती का केली ते विचारलं. चिखल्या त्याला एकेक समजावत राहिला. आतलं बोलणं संपून बायका चपला शोधत बाहेर यायला लागल्या तरी या दोघांचं बोलणं दांड्यापर्यंतच आलं होतं.